मनोरुग्णालयातील रुग्णाचा अनुभव आणि इतिहासाची साधने : सोलापूर व येरवडा यांच्या संदर्भातील अभ्यास

सारांश

मनोरुग्णालयांचा इतिहास बहुतांशी कायदे, इमारती आणि वैद्यकीय अधिकारी यांचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. ज्याच्यासाठी ही व्यवस्था उभी राहिली त्या रुग्णाचा अनुभव मात्र साधनांत अत्यल्प आणि तोही इतरांच्या शब्दांत आढळतो. प्रस्तुत शोधनिबंधात मुंबई इलाख्यातील वेड्यांच्या इस्पितळांपासून मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ पर्यंतच्या कालखंडाचा या दृष्टीने विचार केला आहे. स्वतःचे मनोरुग्णालय नसलेल्या सोलापूरसारख्या जिल्ह्यातील रुग्णाच्या बाबतीत अंतर, भाषा आणि कुटुंब या तीन घटकांनी निकृष्ट सेवेचा प्रश्न अधिक गंभीर कसा होतो, हेही तपासले आहे.

बीजसंज्ञा : मनोरुग्णालय, रुग्णानुभव, तक्रार, येरवडा, सोलापूर, मानवी हक्क.

प्रस्तावना

मराठी बोलीत एखाद्याच्या वागण्याची थट्टा करताना ‘याला ठाण्याला पाठवा’ किंवा ‘याला येरवड्याला न्या’ असे सहज म्हटले जाते. गावाचे नाव रोगाचे नाव व्हावे, ही भाषेतील घटना सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. त्या नावामागे भिंत आहे, आणि त्या भिंतीआड गेलेला माणूस परत येतो तेव्हा त्याच्या बोलण्यावर पूर्वीइतका विश्वास ठेवला जात नाही. सर्वसाधारण रुग्णालयात रुग्णाने जेवण वाईट असल्याची किंवा कर्मचाऱ्याने हात उगारल्याची तक्रार केली तर निदान चौकशी तरी होते. मनोरुग्णाने तीच तक्रार केली तर ती त्याच्या आजाराचे लक्षण म्हणून नोंदवली जाण्याची शक्यता असते. या एका फरकामुळे मनोरुग्णालयातील निकृष्ट सेवेचा इतिहास इतर रुग्णालयांच्या इतिहासाहून वेगळा ठरतो. येथे अन्याय आणि त्या अन्यायाच्या पुराव्याचा अभाव या दोन्ही गोष्टी एकाच व्यवस्थेतून निर्माण होतात.

वैद्यकाचा इतिहास रुग्णाच्या बाजूने लिहिला जावा, अशी मांडणी इंग्लंडमधील इतिहासकार रॉय पोर्टर यांनी १९८५ मध्ये केली. पाश्चात्त्य देशांत अशा लेखनासाठी काही साधने उपलब्ध होती. इंग्लंडमध्ये जॉन पर्सिव्हल यांनी १८३८ व १८४० मध्ये स्वतःच्या बंदिवासाचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. अमेरिकेत नेली ब्लाय या स्त्री पत्रकाराने १८८७ मध्ये वेडाचे सोंग घेऊन न्यूयॉर्कच्या ब्लॅकवेल बेटावरील इस्पितळात दहा दिवस काढले व तेथील थंड पाणी, नासके अन्न आणि मारहाण यांचे वर्णन वृत्तपत्रातून केले. क्लिफर्ड बीअर्स यांचे १९०८ मधील आत्मकथन तर मानसिक आरोग्याच्या चळवळीचा आरंभबिंदू मानले जाते. महाराष्ट्रात सार्वजनिक वाचनात आलेली अशी साधने तुरळक आहेत. म्हणून येथील अभ्यासकाला शासकीय अहवाल, कायद्यातील कलमे, न्यायालयीन आदेश आणि मानवी हक्कविषयक पाहण्या यांतूनच रुग्णाचा माग काढावा लागतो.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) मुंबई इलाख्यातील व नंतरच्या महाराष्ट्रातील मनोरुग्णालयांच्या विकासाचा रुग्णाच्या दृष्टीने आढावा घेणे.
२) उपलब्ध साधनांतून रुग्णानुभव कितपत व कोणत्या स्वरूपात प्रकट होतो याची चिकित्सा करणे.
३) निकृष्ट सेवेवर कायद्याने वेळोवेळी योजलेल्या उपायांचे मूल्यमापन करणे.
४) सोलापूर जिल्ह्याच्या संदर्भात या प्रश्नाचे स्थानिक स्वरूप स्पष्ट करणे.

संशोधन पद्धती

प्रस्तुत निबंधासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. विवेचन प्रकाशित अहवाल, अधिनियम, न्यायालयीन आदेश आणि इतिहासकारांचे ग्रंथ यांवर आधारलेले आहे. रुग्णांच्या खासगी आयुष्याचा आदर राखण्यासाठी कोणत्याही रुग्णाचा नामनिर्देश केलेला नाही.

वसाहतकालीन व्यवस्था : इस्पितळ की तुरुंग?

ब्रिटिश अमलात १८५८ चा छत्तिसावा कायदा हा वेड्यांच्या इस्पितळांचा पायाभूत कायदा होता. रस्त्यावर भटकणाऱ्या किंवा धोकादायक वाटणाऱ्या वेडसर व्यक्तीस पोलिसांनी पकडून दंडाधिकाऱ्यापुढे न्यावे, वैद्यकीय अधिकाऱ्याने दाखला द्यावा आणि मग तिला इस्पितळात धाडावे, अशी ही रचना होती. रुग्णाच्या प्रवासाचा पहिला टप्पा पोलीस आणि दुसरा कचेरी असल्याने तिसरा टप्पाही तुरुंगासारखाच झाला, यात आश्चर्य नाही. इस्पितळांवरील देखरेख विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत तुरुंग खात्याच्या महानिरीक्षकांकडे होती. १९०५ च्या सुमारास ती वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे देण्याचे धोरण आले.

मुंबई इलाख्यात कुलाबा, पुणे, अहमदाबाद, धारवाड, रत्नागिरी आणि सिंधमधील हैदराबाद येथे अशी इस्पितळे होती. ठाण्यात नौपाडा येथे विसाव्या शतकाच्या प्रारंभी देणगीतून मोठे इस्पितळ उभे राहिले. येरवडा येथील मध्यवर्ती इस्पितळ १९१५ पासून सध्याच्या जागी आहे. मध्य प्रांतातील नागपूरचे इस्पितळ १८६४ चे. पुढे भाषावार महाराष्ट्राच्या वाट्याला येरवडा, ठाणे, नागपूर व रत्नागिरी अशी चार इस्पितळे आली, आणि हीच चार आजची प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. त्यांची मंजूर खाटांची संख्या अनुक्रमे २५४०, १८५०, ९४० व ३६५, म्हणजे एकूण ५६९५ अशी राहिली आहे. राज्यातील मनोरुग्णसेवेचा भूगोल हा मोठ्या प्रमाणावर वसाहतकालीन भूगोलच आहे.

या काळातील साधनांचे स्वरूप पाहण्यासारखे आहे. दरवर्षी प्रसिद्ध होणाऱ्या इस्पितळांच्या अहवालांत रुग्णांची संख्या, जात, धर्म, व्यवसाय, मृत्यू, दरडोई खर्च आणि वेडाचे ‘कारण’ यांचे तक्ते असत. रुग्णाने शेतात, बागेत किंवा मागावर केलेल्या कामाचे उत्पन्नही त्यांत मांडले जाई. काम हा उपचार मानला जात असला तरी अहवालात तो जमेच्या रकान्यात दिसतो. रुग्णाला ते काम कसे वाटले, याची नोंद घेणारा रकानाच नव्हता.

‘कारण’ या रकान्याची विश्वासार्हता तर त्या काळातच तपासली गेली. गांजा व भांगेच्या परिणामांची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या १८९३-९४ च्या भारतीय गांजा आयोगाने इस्पितळांतील नोंदी एकेक करून पाहिल्या. अनेक रुग्णांपुढे ‘गांजा’ हे कारण लिहिलेले होते. प्रत्यक्षात ते पोलिसांनी किंवा कचेरीतील कारकुनाने प्रवेशाच्या वेळी भरलेले होते व पुढे डॉक्टरांनी ते तसेच उतरवून घेतले होते. १८९२ मधील प्रवेशांची छाननी केल्यावर सुमारे सात टक्के प्रकरणांतच गांजाचा संबंध आयोगाला ग्राह्य वाटला. इतिहासाच्या अभ्यासकाला यातून महत्त्वाचा धडा मिळतो. रुग्णाविषयीची लेखी, शिक्क्याची, तक्त्यात बसवलेली माहितीदेखील रुग्णाला न विचारता तयार झालेली असू शकते. कागद बोलतो म्हणून रुग्ण बोलला, असे समजता येत नाही.

वॉल्ट्रॉड अर्न्स्ट, जेम्स मिल्स आणि सारा अॅन पिंटो यांनी वसाहतकालीन इस्पितळांवर सखोल संशोधन केले आहे. यांपैकी पिंटो यांचा २०१८ मधील ग्रंथ थेट मुंबई इलाख्यातील इस्पितळांविषयी आहे. या इतिहासकारांना रुग्णाचा आवाज सरळ वाक्यांत फारसा सापडत नाही. तो कृतींतून ओळखावा लागतो. पळून जाणे, अन्न नाकारणे, काम करण्यास नकार देणे, कपडे फाडणे या बाबी अहवालांत शिस्तभंग किंवा लक्षण म्हणून येतात. त्याच नोंदी उलट बाजूने वाचल्या तर काही ठिकाणी त्या तक्रारीही असू शकतात. मात्र प्रत्येक नकाराला प्रतिकार ठरवण्याचा मोहही टाळावा लागतो. आजार खरा असतो, त्याची यातनाही खरी असते, आणि अन्न नाकारणारा प्रत्येक रुग्ण व्यवस्थेशी झगडत असतोच असे नाही.

अभ्यागत मंडळाची कल्पना व तिच्या मर्यादा

१९१२ च्या भारतीय वेडसरपणा कायद्याने प्रवेशाची रीत अधिक काटेकोर केली. अर्ज, दोन वैद्यकीय दाखले आणि दंडाधिकाऱ्याचा आदेश या गोष्टी आवश्यक झाल्या. निकृष्ट सेवेवर उपाय म्हणून याच कायद्याने किमान तीन अभ्यागतांची तरतूद केली. अभ्यागतांनी दरमहा इस्पितळ पाहावे, कोठड्या तपासाव्यात आणि शेरा लिहावा, अशी अपेक्षा होती. इस्पितळाचे कुलूप आतून उघडता येत नसेल तर निदान बाहेरचा माणूस आत यावा, ही कल्पना मूलतः चांगली होती.

परंतु पाहणी आणि अनुभव यांत अंतर असते. अभ्यागत दिवसा येतो, ठरलेल्या मार्गाने फिरतो, स्वयंपाकघर, फरशी आणि नोंदवह्या पाहतो. रुग्णाचा अनुभव रात्रीचाही असतो. अंथरूण ओले झाल्यावर ते बदलायला कोण आले, पाणी मागितल्यावर किती वेळ लागला, कोणत्या कर्मचाऱ्याची पाळी असली की वॉर्ड शांत होतो आणि कोणाच्या पाळीत भीतीने शांत होतो, हे शेरेवहीत उतरत नाही. शिवाय ज्यांच्याविषयी तक्रार करायची त्यांच्याच देखत अभ्यागताशी बोलावे लागत असेल तर रुग्ण गप्प राहतो. अभ्यागत निघून जातो, रुग्ण तेथेच राहतो.

१९२० च्या दशकाच्या आरंभी ‘असायलम’ हा शब्द जाऊन ‘मेंटल हॉस्पिटल’ हा शब्द आला. नाव बदलले तरी खाटा, परिचारिका व डॉक्टर यांचे प्रमाण बदलले नाही. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर भोर समितीने १९४६ मध्ये आपला अहवाल सादर केला. तिच्यासाठी रांचीच्या इस्पितळाचे अधीक्षक कर्नल मूर टेलर यांनी देशातील मनोरुग्णालयांची पाहणी केली होती. त्या वेळी देशात सुमारे ४०,००० लोकसंख्येमागे एक खाट होती, तर इंग्लंडमध्ये सुमारे ३०० लोकांमागे एक. टेलर यांनी बहुतेक इस्पितळांना कालबाह्य ठरवले व ती उपचारापेक्षा कोंडून ठेवण्यासाठी बांधली गेल्याचे नोंदवले. स्वातंत्र्यानंतर सर्वसाधारण रुग्णालयांत मनोविकार विभाग सुरू झाले, नवी औषधे आली, बाह्यरुग्ण सेवा वाढली. मोठ्या इस्पितळांच्या आतील वॉर्ड मात्र दीर्घकाळ जुन्याच चाकोरीत राहिले.

मानवी हक्कांचा काळ : वॉर्ड सार्वजनिक चर्चेत

१९८० नंतर हा प्रश्न न्यायालयांत पोहोचला. रांची व शाहदरा येथील इस्पितळांविषयी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिले. मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांच्या याचिकेवर १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, कोणताही गुन्हा न केलेल्या मनोरुग्णांना तुरुंगात ठेवणे बेकायदेशीर व घटनाबाह्य असल्याचा निर्णय दिला. १८५८ पासून चालत आलेल्या पोलीस, कचेरी व कोठडी या साखळीतील एक कडी अशा प्रकारे १३५ वर्षांनी तुटली. त्याच वर्षी १ एप्रिलपासून मानसिक आरोग्य अधिनियम, १९८७ अमलात आला. उपचाराच्या काळात रुग्णाची शारीरिक वा मानसिक विटंबना करू नये, असे या अधिनियमाने स्पष्टपणे म्हटले.

महाराष्ट्रात १९९४ मध्ये एका वेगळ्या घटनेने समाजाला हादरवले. शिरूर येथील शासकीय संस्थेतील मतिमंद मुली व स्त्रियांपैकी अकरा जणींच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया पुण्याच्या ससून रुग्णालयात करण्यात आल्या. मासिक पाळीतील स्वच्छता राखता येत नाही, हे त्यामागे दिलेले एक कारण होते. स्त्री संघटनांनी तीव्र विरोध केला. मतिमंदत्व आणि मनोविकार या भिन्न अवस्था असल्या तरी येथील तर्क वॉर्डातील निकृष्ट सेवेच्या तर्काशी जुळणारा आहे. सेविकांची कमतरता, पाण्याची टंचाई व कापडाचा अभाव हे संस्थेचे दोष रुग्णाच्या शरीराचे दोष म्हणून पाहिले गेले आणि उपाय संस्थेवर होण्याऐवजी शरीरावर झाला.

राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने बंगळूरच्या निम्हान्स संस्थेच्या साहाय्याने ३७ मनोरुग्णालयांची पाहणी करून १९९९ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. सुमारे ३८ टक्के रुग्णालयांची रचना अद्याप तुरुंगासारखीच असल्याचे त्यात नमूद आहे. काही ठिकाणी रुग्णांना ‘इनमेट’ आणि कर्मचाऱ्यांना ‘वॉर्डर’ म्हटले जाई, ही अहवालातील नोंद इतिहासाच्या दृष्टीने बोलकी आहे. तुरुंग खात्याची देखरेख जाऊन नऊ दशके उलटली होती, तरी त्याची शब्दकळा वॉर्डात टिकून होती. पाठोपाठ ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे एका खासगी आश्रयस्थानाला आग लागली आणि साखळीने बांधलेले २८ मनोरुग्ण मृत्युमुखी पडले. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली.

महाराष्ट्रातील स्थितीची नोंद पुढेही होत राहिली. ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने २०१४ मध्ये सहा शहरांतील संस्थांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात पुणे व मुंबई यांचा समावेश होता. पुण्याच्या मनोरुग्णालयात १८५० हून अधिक रुग्णांसाठी केवळ २५ शौचालये वापरण्याजोगी असल्याची माहिती तेथील अधीक्षकांनीच दिल्याचे त्यात नोंदले आहे. साधा भागाकार केला तरी एका शौचालयामागे ७४ रुग्ण येतात. आकड्याचा अर्थ रुग्णाच्या बाजूने लावला तर तो असा की, सकाळचा विधी हीच रांगेची, घाईची आणि उघड्यावरच्या लज्जेची वेळ होते. अशा वॉर्डात एखादी स्त्री बोलणे बंद करते, तेव्हा तिच्या मौनाचा किती भाग आजाराचा आणि किती परिस्थितीचा, हे ठरवणे निष्णात डॉक्टरलाही कठीण जावे. येथे एक बाब लक्षात घ्यावी लागेल. ही माहिती लपवली गेली नाही, संस्थाप्रमुखानेच ती दिली. म्हणून निकृष्ट सेवेचा सगळा दोष कर्मचाऱ्यांच्या क्रौर्यावर टाकणे सोपे असले तरी अपुरे आहे. एका पाळीत मोजक्या कक्षसेवकांवर मोठ्या वॉर्डाचा भार टाकणारी व्यवस्था ही भल्या माणसालाही कठोर बनवू शकते.

त्याच आवारातील दुसरा अनुभव

येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्याच आवारात २९ ऑगस्ट १९८६ रोजी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. तेथे नोकरीस असलेल्या डॉ. अनिता अवचट यांनी पती डॉ. अनिल अवचट यांच्यासह आणि पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने ते उभे केले. तेथे रुग्णाशी संवाद, समूहचर्चा आणि बरे झालेल्या व्यक्तींचा कामातील सहभाग यांवर भर देण्यात आला. व्यसनमुक्तीच्या रुग्णांची तुलना तीव्र मनोविकारांच्या रुग्णांशी सरसकट करता येणार नाही, कारण त्यांचा मुक्काम ठरावीक मुदतीचा असतो. तरीही तीच जुनी दगडी वास्तू आणि तेच शहर असताना रुग्णाला नावाने हाक मारणारी व्यवस्था उभी राहू शकली, एवढे या उदाहरणावरून सिद्ध होते. इमारत हे निकृष्ट सेवेचे एकमेव कारण नाही.

पुण्यातच १९९९ मध्ये भार्गवी दावर यांनी बापू ट्रस्टची स्थापना केली. आईला मनोरुग्णालयांत काढावे लागलेले दिवस त्यांनी बालपणी पाहिले होते व आईच्याच नावाने ही संस्था उभी राहिली. २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले. मनोरुग्णालयातून गेलेल्या व्यक्तीचे कथन हे केवळ करुण कहाणी नसून ज्ञानाचे साधन आहे, ही भूमिका त्यांच्या लेखनातून व कार्यातून ठळकपणे पुढे आली. महाराष्ट्रातील रुग्णानुभवाच्या इतिहासात हा टप्पा निर्णायक मानावा लागेल. जो विषय आजवर साधनांत नोंदला जात होता, तो येथे साधनाचा कर्ता झाला.

सोलापूरचा संदर्भ : अंतर, भाषा आणि कुटुंब

सोलापूर हे कापड गिरण्या, यंत्रमाग व विडी उद्योगाचे शहर. १८६० मध्ये येथे रेल्वे आली आणि १८७० च्या दशकात पहिली गिरणी उभी राहिली. १९६३ मध्ये वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले व ‘सिव्हिल’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सर्वोपचार रुग्णालयामुळे जिल्ह्याची आरोग्यसेवा सुधारली. स्वतंत्र प्रादेशिक मनोरुग्णालय मात्र येथे नाही. दीर्घकाळ निवासी उपचाराची गरज असलेल्या सोलापूरच्या गरीब रुग्णासाठी सर्वांत जवळचे शासकीय मनोरुग्णालय म्हणजे सुमारे अडीचशे किलोमीटरवरील येरवडा होय.

हे अंतर केवळ प्रवासाचे नाही. रोजंदारीवर माग चालवणाऱ्या किंवा विड्या वळणाऱ्या कुटुंबाला पुण्याची एक खेप म्हणजे दोन दिवसांची मजुरी आणि रेल्वेचे भाडे. भेटीला येणारा नातेवाईक हा वॉर्डातील सेवेवरचा सर्वांत परिणामकारक पहारेकरी असतो. ज्या रुग्णाला विचारायला कोणी येते, त्याचे अंथरूण लवकर बदलले जाते, हे कोणत्याही रुग्णालयाविषयीचे सामान्य ज्ञान आहे. अंतर वाढले की भेटी विरळ होतात, भेटी विरळ झाल्या की उपेक्षा वाढते, आणि काही वर्षांनी पत्त्यावर पाठवलेले पत्रही परत येते.

दुसरा घटक भाषेचा. सोलापूर हे मराठीसह तेलुगू, कन्नड व दखनी उर्दू बोलणारे शहर आहे. पूर्व भागातील पद्मशाली विणकर घरांत तेलुगू, तर अक्कलकोटच्या बाजूला कन्नड ही अनेकांची घरातील भाषा. मनोविकाराच्या उपचारात भाषा हेच तपासणीचे मुख्य साधन असते. मनाची तपासणी बोलण्यातूनच होते. तणावाच्या क्षणी माणूस मातृभाषेकडे वळतो. पुण्याच्या वॉर्डात तेलुगूतून केलेली तक्रार ‘असंबद्ध बडबड’ ठरण्याचा धोका त्यामुळे अधिक असतो.

तिसरा घटक कुटुंब व श्रद्धा यांचा. सोलापूर, अक्कलकोट परिसरातून कर्नाटकातील गाणगापूरच्या दत्तस्थानी ‘बाहेरची बाधा’ झालेल्यांना नेण्याची जुनी रीत आहे. अशा ठिकाणी होणाऱ्या अघोरी प्रकारांविरुद्ध महाराष्ट्रात २०१३ मध्ये कायदा झाला, तो आवश्यकच होता. परंतु भार्गवी दावर व मधुरा लोहोकरे यांनी महाराष्ट्रातील दर्ग्यांविषयी २००९ मध्ये केलेल्या मांडणीतून दुसरी बाजूही पुढे आली. तेथे रुग्णासोबत कुटुंब राहते, त्याचे दुःख चारचौघांत मांडता येते आणि त्याला एकटे कोंडले जात नाही. श्रद्धास्थान हा औषधोपचाराचा पर्याय होऊ शकत नाही. मात्र तेथे माणसे का जातात याचे उत्तर केवळ अज्ञानात शोधणे म्हणजे रुग्णालयातील वागणुकीचा प्रश्न टाळणे होय.

२०१७ चा अधिनियम : तक्रारीचा अधिकार

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ हा २९ मे २०१८ पासून अमलात आला. जुन्या कायद्यांचा भर रुग्णाला ताब्यात घेण्याच्या रीतीवर होता. या अधिनियमाने रुग्णाच्या हक्कांचे स्वतंत्र प्रकरण केले. कलम २० नुसार स्वच्छ व सुरक्षित परिसर, शौचालय, खासगीपणा, स्वतःचे कपडे वापरण्याची मुभा, स्त्रियांच्या आरोग्यविषयक गरजांची पूर्तता, सक्तीने डोके न भादरणे आणि केलेल्या कामाचा मोबदला हे रुग्णाचे हक्क आहेत. कलम ९५ ने भूल व स्नायू शिथिल करणारे औषध न देता विजेचे झटके देण्यास, तसेच साखळदंडाने बांधण्यास बंदी केली. कलम ९७ नुसार एकांत कोठडी निषिद्ध आहे. या यादीतील प्रत्येक बंदी म्हणजे एक ऐतिहासिक साक्षच आहे. जे पूर्वी घडत नव्हते त्याला मनाई करण्याची गरज कायद्याला पडत नाही. १८५८ पासूनच्या तक्त्यांत न सापडणारा रुग्णानुभव २०१७ च्या निषेधांच्या यादीत असा उलट्या रूपाने सापडतो.

या निबंधाच्या दृष्टीने कलम २८ सर्वांत महत्त्वाचे आहे. सेवेतील उणिवांविषयी रुग्णाला प्रथम संस्थेच्या प्रभारी वैद्यकीय अधिकाऱ्याकडे, समाधान न झाल्यास मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे आणि त्यानंतर राज्य प्राधिकरणाकडे तक्रार करता येते. अभ्यागताने पाहावे, या कल्पनेकडून रुग्णाने सांगावे, या कल्पनेकडे कायदा प्रथमच सरकला. मनोरुग्णाचे म्हणणे ऐकण्यायोग्य आहे, हे गृहीत धरूनच हे कलम लिहिलेले आहे.

अंमलबजावणीचे चित्र मात्र संमिश्र आहे. मनोरुग्णालयांतील बऱ्या झालेल्यांना भिक्षेकरीगृहे व वृद्धाश्रमांत हलवण्याच्या प्रकारास सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१९ मध्ये महाराष्ट्र शासनाला मनाई केली. ठाण्याच्या रुग्णालयात एक स्त्री बरी असूनही सुमारे बारा वर्षे राहिल्याचे उघडकीस आल्यानंतर मानसोपचारतज्ज्ञ डॉ. हरीश शेट्टी यांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. २०२३ मध्ये न्यायालयासमोर आलेल्या माहितीनुसार, राज्यातील मनोरुग्णालयांत दहा वर्षांहून अधिक काळ राहिलेले ४७५ रुग्ण होते व त्यांपैकी २६३ जण घरी सोडण्यास योग्य होते. याचा अर्थ निम्म्याहून अधिक व्यक्ती रुग्ण म्हणून तेथे नव्हत्याच. बाहेर जागा नाही म्हणून त्या आत होत्या. निकृष्ट सेवा म्हणजे केवळ मारहाण, अस्वच्छता किंवा अपुरे अन्न नव्हे. गरज संपल्यावरही कुलूप न उघडणे हा तिचा सर्वांत दीर्घ प्रकार आहे, आणि त्यात रुग्णालयाइतकाच समाजही सहभागी आहे.

निष्कर्ष

१) मुंबई इलाख्यातील मनोरुग्णालयांची रचना पोलीस व तुरुंग प्रशासनातून घडली. तिचा ठसा देखरेख बदलल्यानंतरही शब्द, इमारत आणि वागणूक यांत टिकून राहिला.
२) वसाहतकालीन शासकीय नोंदींत रुग्णानुभव थेट मिळत नाही. गांजा आयोगाच्या छाननीने दाखवल्याप्रमाणे या नोंदीही काळजीपूर्वक वापराव्या लागतात.
३) १९१२ च्या कायद्यातील पाहणीचा उपाय इमारतीपर्यंत पोहोचला, रुग्णापर्यंत पुरेसा पोहोचला नाही. २०१७ च्या अधिनियमाने प्रथमच रुग्णाच्या तक्रारीला कायदेशीर स्थान दिले.
४) मुक्तांगणच्या उदाहरणावरून असे दिसते की, निकृष्ट सेवा हा जुन्या वास्तूचा अटळ परिणाम नाही.
५) सोलापूरच्या रुग्णाच्या बाबतीत अंतर, भाषा व कुटुंबाची आर्थिक स्थिती हे तक्रारीच्या मार्गातील मुख्य अडथळे ठरतात.

समारोप

सोलापूरसारख्या जिल्ह्यात मानसिक आरोग्यसेवेची चर्चा सामान्यतः खाटा, तज्ज्ञ आणि इमारत यांच्या मागणीपाशी थांबते. ही मागणी रास्त आहे. तथापि वरील विवेचनावरून असे दिसते की, नव्या इमारतीत जुना वॉर्ड सहज मुक्कामाला येऊ शकतो. म्हणून सेवा रुग्णाच्या घराजवळ असणे, त्याच्या भाषेत बोलणारा माणूस वॉर्डात असणे आणि त्याची तक्रार आजाराचे लक्षण न ठरता नोंदवली जाणे, या तीन कसोट्या तितक्याच महत्त्वाच्या मानाव्या लागतील. महाविद्यालयांतील इतिहास, समाजशास्त्र, मानसशास्त्र व विधी या विभागांनी एकत्र येऊन, संबंधितांच्या संमतीने व त्यांची ओळख गुप्त ठेवून, उपचार घेऊन परतलेल्या व्यक्तींची मौखिक कथने मराठी, तेलुगू, कन्नड व उर्दू भाषांत संकलित केल्यास एक मोलाचे साधन निर्माण होईल. दीडशेहून अधिक वर्षे या माणसांविषयी इतरांनी लिहिले. त्यांचे स्वतःचे म्हणणे नोंदले गेल्यावाचून महाराष्ट्रातील वैद्यकाचा इतिहास पूर्ण झाला असे म्हणता येणार नाही.